साथीच्या काळातली विषयपत्रिका

८ मार्च २०२२ रोजी पेणमधल्या एका वाचनालयात माझे व्याख्यान होते. महिला दिन, समोर साठ-सत्तर श्रोते, त्यांत बायकाच जास्त. विषय मीच सुचवला होता: ‘महासाथ आणि रायगडच्या कर्त्या स्त्रिया’. मी रोह्याची माहेरवाशीण आणि पेणची सून. बी.कॉम.पर्यंत शिकले आणि गेली पंचवीस वर्षे घरच्या गणपतीच्या कारखान्याचे हिशेब लिहिते. इतिहासाचे रीतसर शिक्षण नाही. जे काही वाचले ते दुपारी कारखाना जेवायला बंद झाला की, आणि रात्री. त्यामुळे कोणी व्याख्यानाला बोलावले की अजूनही हुरळून जायला होते.

त्या दिवशी मी जे सांगितले ते ऐकायला गोड होते. २०२० मध्ये करोना आला तेव्हा रायगडच्या पालकमंत्री होत्या आदिती तटकरे, आमच्या रोह्याच्या. जिल्हाधिकारी निधी चौधरी. जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष योगिता पारधी. पेणच्या नगराध्यक्ष प्रीतम पाटील. एकाच संकटात एकाच जिल्ह्यातल्या एवढ्या खुर्च्यांवर बायका बसल्याचे आपल्या इतिहासात दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. यावरून मी थेट निष्कर्षावर उडी मारली होती. बाई सत्तेत असली की साथीत माणसाकडे आधी लक्ष जाते, पुरुष असला की रस्त्याकडे आणि कंत्राटाकडे. टाळ्या झाल्या.

चहाच्या वेळी खारेपाटातल्या एका गावच्या आशाताई जवळ आल्या. दोन वर्षे घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजलेल्या. म्हणाल्या, “ताई, चांगलं बोललात. पण त्या बाया होत्या म्हणून आम्हाला काय वेगळं मिळालं, ते एक सांगा ना.”

मला सांगता आले नाही. त्या एका प्रश्नामागे गेली दोन-तीन वर्षे गेली. हा लेख त्यातूनच आला.

सुरुवात मी सर्वांत सोप्या वाटणाऱ्या ठिकाणापासून केली. पेणला नगराध्यक्ष स्त्री, रोह्याला त्याच काळात संतोष पोटफोडे, म्हणजे पुरुष. दोन्ही नगरपालिका दीडशे वर्षांहून जुन्या, दोन्ही गावे तालुक्याची, मध्ये जेमतेम तासाभराचा रस्ता. शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत करावे लागले असते ते इथे आयतेच मांडून ठेवले आहे असे मला वाटले. एका गावात बाई, दुसऱ्यात पुरुष, रोग एकच. आता दोघांनी काय-काय केले ते शेजारी-शेजारी लिहायचे की झाले.

झाले काहीच नाही. पहिली गोष्ट, साथीत नगरपालिकेच्या हातात निर्णय फार थोडे होते. बाजार कधी उघडायचा, कोणती दुकाने चालू, कोणत्या गावाची सीमा बंद हे मंत्रालयातून आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून ठरत होते. पालिकेकडे उरत होते फवारणी, कचरा, बाजाराची जागा हलवणे, अंत्यसंस्काराची सोय. दुसरी गोष्ट, दोन गावे मुळातच वेगळी आहेत. पेण मुंबई-पनवेलच्या तोंडाशी; इथली माणसे रोज तिकडे जाऊन परत येणारी. रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत, तिथली रासायनिक कारखानदारी, तिथल्या पाळ्या. फरक दिसला असता तरी तो नगराध्यक्ष बाई असल्याचा की पनवेल जवळ असल्याचा, हे कोणी सांगावे?

आणि तिसरी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. आपल्याकडच्या सभांच्या इतिवृत्तांत माणूस बोलतच नाही. विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. बाईने काय म्हटले, पुरुषाने काय म्हटले, कोण गप्प बसले, कोणाचे बोलणे मध्येच तोडले, यातले काहीही त्या कागदावर उतरत नाही. सगळा गाव एकाच आवाजात बोलतो, आणि तो आवाज कारकुनाचा असतो. मी स्वतः हिशेब लिहिणारी असल्याने त्या भाषेवर माझा राग नाही. पण माझ्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हा मागे जायचे ठरवले. १८९७कडे जाण्याचे कारण साधे आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी जो कायदा लावला, तो ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा होता. मूळचा चार कलमांचा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी घाईने केलेला. म्हणजे २०२० मध्ये पेणच्या बाजारात ज्या अधिकाराने दोरी बांधली, तोच अधिकार माझ्या पणजीच्या काळी घरे तपासायला वापरला होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि थोड्याच महिन्यांत शहर पळू लागले. कोकणातली माणसे जी वाट मिळेल त्या वाटेने घरी निघाली. धरमतरच्या खाडीने पेणकडे, रेवदंड्याच्या खाडीतून कुंडलिकेने रोहा-अष्टमीकडे गलबते आणि होड्या येत होत्याच. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन चालत जाणारे चाकरमानी पाहताना मला आजीने सांगितलेले आठवत होते. तिच्या आईच्या लहानपणी ‘गाठीचा ताप’ आला की गाव सोडून माळावर झोपड्या बांधत. पुरुष सांगत ते भांडी किती पुरली आणि कागदपत्रे कुठे ठेवली याबद्दल. आजीच्या आईला मात्र एवढेच लक्षात राहिले होते की माळावर आडोसा नव्हता, आणि बायका अंधार पडेपर्यंत पाणी पीत नसत. घरगुती आठवण आहे, पुरावा म्हणून पुढे करत नाही. पण पुढचे वाचताना ती सारखी मध्ये येत राहिली.

पुण्यात फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आला. सैनिकांकडून घरझडत्या, आजारी आणि संशयित यांना वेगळे काढून छावणीत नेणे, सामान जाळणे. २२ जूनला त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ३ जुलैला तो मेला. हे सगळे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या वेळचा सार्वजनिक वाद कशाभोवती फिरत होता हे पाहिले तर त्यात बाई सगळीकडे आहे. सोजिरांनी माजघरात शिरणे, परपुरुषाने बाईची काख नि जांघ तपासणे, पडदा, सोवळे. मार्च १८९८ मध्ये मुंबईत जी मोठी दंगल पेटली तिचे निमित्तही एका विणकर कुटुंबातल्या आजारी मुलीची तपासणी हेच होते. आता असे वाटेल की मग बायकांचाच प्रश्न अग्रभागी होता. होता, पण तो मांडणारे सगळे पुरुष होते आणि त्यांच्या मांडणीत तो घराच्या अब्रूचा प्रश्न होता.

इथे टिळकांवर अन्याय करायचा नाही. ते तेव्हा मुंबई कायदे मंडळाचे सदस्य होते. म्हणजे आजच्या अर्थाने लोकप्रतिनिधी. पुण्यातले अनेक प्रतिष्ठित गाव सोडून गेले असताना ते राहिले, हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढले, रुग्णाला वेगळे ठेवण्याला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता, जुलमाला होता. गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. तिथे त्यांनी मँचेस्टर गार्डियनला सांगितले की सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. परत आल्यावर पुरावा उभा राहिला नाही. गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली आणि ती माफी त्यांना पुढे कितीतरी वर्षे चिकटून राहिली.

गोखल्यांच्या त्या विधानाला बळ देणाऱ्या गोष्टींत एका बाईचे पत्र होते. पंडिता रमाबाईंचे, मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये छापून आलेले. हे पत्र आपल्याकडे बहुधा गोखले प्रकरणाची तळटीप म्हणून येते. मला ते तसे वाचवेना.

रमाबाई तेव्हा मध्य प्रांतातल्या दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुलींना सांभाळत होत्या. पुण्यात एवढ्या मुली एका ठिकाणी ठेवायला प्लेगच्या अधिकाऱ्यांनी मनाई केली, म्हणून त्यांना केडगावला हलवावे लागले. म्हणजे साथीचे धोरण त्यांच्या दारात आले होते ते अगदी खोल्या आणि डोकी मोजत. त्या पत्रात त्यांनी आपल्या ताब्यातली एक मुलगी प्लेगच्या व्यवस्थेत नेली गेली आणि वाईट मार्गाला लागून कायमची हातची गेली, असा आरोप केला. तरुण मुली रुग्णालयात आणि छावणीत पुरुष पहारेकऱ्यांच्या ताब्यात असतात, तिथे त्यांची जबाबदारी कोणाची, हा त्यांचा सवाल होता. सरकारने चौकशी केली आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले. त्या एका मुलीचे नेमके काय झाले, हे सव्वाशे वर्षांनंतर मी निकाली काढू शकत नाही.

पण प्रश्नाचा रोख बघा. माजघरात सोजीर शिरला, हे ज्याचे माजघर आहे त्याचे गाऱ्हाणे आहे. रमाबाईंच्या मुलींना माजघरच नव्हते. त्या दुष्काळातून आलेल्या, अनाथ, काही बालविधवा. त्यांची अब्रू राखायला कोणी घराणे उभे राहणार नव्हते. अशा मुलीचे छावणीत काय होते, हा प्रश्न टिळकांना किंवा गोखल्यांना पहिल्यांदा सुचला नाही, यात त्यांचा दुष्टपणा नाही. त्यांच्या वाटेत ती मुलगी आली नव्हती. रमाबाईंच्या ती रोज येत होती.

आणि ही रमाबाईंची साथीपुरती लहर नव्हती. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर पुण्यात साक्ष देताना त्यांनी बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात असे सांगितले होते. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षा बायका मरण पत्करतात, म्हणून. तीन वर्षांनी लेडी डफरिन निधी उभा राहिला, त्यामागे या साक्षीचाही हात मानला जातो. त्या साक्षीकडे १८८२ मध्ये अधिक लक्ष दिले गेले असते तर १८९७च्या झडत्यांतला निम्मा संताप उद्भवलाच नसता, असे मला वाटते. हा माझा तर्क. १८८९च्या मुंबईतल्या काँग्रेस अधिवेशनाला त्या प्रतिनिधी म्हणून हजर होत्या. पण प्रतिनिधी म्हणजे सभामंडपातल्या. मुंबई इलाख्यात बायकांना कायदे मंडळासाठी मत द्यायचा हक्क मिळाला १९२१ मध्ये. धोरण बदलायचे तर त्यांच्या हाती वर्तमानपत्राला पत्र लिहिणे एवढेच होते.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन आल्या, त्यातून त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दरवर्षी आपण हा प्रसंग सांगतो आणि सेवा, त्याग असे शब्द वापरतो. मीही माझ्या व्याख्यानात तेच वापरले होते. आता थोडे खटकते. बाईने साथीत पाठीवर मूल घ्यावे आणि समितीत पुरुषाने बसावे, अशी वाटणी त्या गौरवात नकळत पक्की होते.

आता पेण-रोह्याच्या दोन उदाहरणांनी जे जमले नाही ते मोठ्या प्रमाणावर कोणी केले आहे का, याचा शोध घेतला. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला एका प्राध्यापक स्नेह्यांनी आणून दिला आणि समजावूनही सांगितला. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदे बायकांसाठी राखीव होऊ लागली, आणि कोणते गाव राखीव होणार हे गावाच्या गुणावगुणांवर अवलंबून नव्हते. त्यामुळे राखीव गाव आणि बिनराखीव गाव यांची तुलना निर्मळ होते. माझ्या पेण-रोहा तुलनेत जी पनवेलची अडचण होती, ती यात उरत नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूम आणि राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यांत त्यांना दिसले की बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला. रस्त्यांचे मात्र दोन्हीकडे सारखे नव्हते. बंगालमध्ये बायका रस्त्याचीही मागणी करत होत्या, तिथे रस्तेही जास्त झाले. राजस्थानात ती मागणी पुरुषांची होती, तिथे रस्ते कमी झाले. म्हणजे बाईला पाणी आवडते आणि पुरुषाला डांबर, असला सरधोपट मामला नाही. त्या-त्या गावच्या बायका ज्याची तक्रार करत होत्या, ते काम पुढे आले.

हे वाचले तेव्हा मी वडखळ-शिर्की पट्ट्यातल्या बायका डोळ्यांसमोर आणल्या. खारेपाटात पावसाळ्यात चहूकडे पाणी आणि उन्हाळ्यात प्यायला नाही. साथीत ‘वीस सेकंद हात धुवा’ ही सूचना तिथे ज्या घरात टँकरचे पाणी हंड्याने मोजून वापरतात तिथेही पोचली होती. सूचना काढणाऱ्याच्या घरी नळ असणार, एवढे त्यावरून नक्की कळते.

महासाथीचेच अभ्यास पाहिले तर सुप्रिया गारिकिपाटी आणि उमा कंभमपाटी यांनी १९४ देश तपासले. त्यांतल्या फक्त १९ देशांच्या प्रमुखपदी बायका होत्या. सुरुवातीच्या काळात त्या देशांत मृत्यू कमी दिसले, टाळेबंदीही लवकर लागली. वर्तमानपत्रांनी हे खूप उचलले. माझ्या व्याख्यानातही ते होते. पण एकोणीस देश, त्यांत बरेचसे श्रीमंत आणि लहान. ज्या समाजाने बाईला निवडून दिले तो समाज आधीच वेगळा असणार. लेखिकांनी देशांची जोडी लावून तुलना करण्याचा प्रयत्न केला आहे, तरी माझी शंका पुरती फिटली नाही. ब्राझीलमधला अभ्यास जास्त पटला. तिथे अगदी थोड्या मतांनी बाई किंवा पुरुष महापौर झालेली शहरे शेजारी ठेवली. बायका महापौर होत्या तिथे मृत्यू कमी, मुखपट्टी आणि गर्दीबंदीचे नियम जास्त.

म्हणजे फरक असतो. पण आशाताईंच्या प्रश्नाला अजून उत्तर मिळाले नव्हते, कारण त्यांचा प्रश्न महाराष्ट्राचा होता.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली तेव्हा अत्यावश्यक वस्तूंच्या मूळ यादीत सॅनिटरी पॅडचा स्पष्ट उल्लेख नव्हता. पाच दिवसांनी, २९ मार्चला केंद्रीय गृह सचिवांना वेगळे स्पष्टीकरण काढावे लागले. गोष्ट पाच दिवसांची. पण यादी करायला बसलेल्या माणसांना किराणा, दूध, औषध आठवले आणि हे आठवले नाही, एवढ्यात माझ्या विषयाचा गाभा आला. कोणी विरोध केला नव्हता. सुचले नव्हते.

राज्यात त्या वेळी त्रेचाळीस जणांच्या मंत्रिमंडळात तीन बायका होत्या. यशोमती ठाकूर यांच्याकडे महिला व बालविकास, वर्षा गायकवाड यांच्याकडे शालेय शिक्षण, आणि राज्यमंत्री आदिती तटकरे. आता ठाकूर यांनी साथीत विधवा आणि अनाथ मुले यांच्याकडे लक्ष दिले, हे त्या बाई होत्या म्हणून की त्या खात्याच्या मंत्री होत्या म्हणून? आणि ते खाते त्यांना मिळाले ते कशामुळे? उत्तर फिरून त्याच जागी येते. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’: करोनात नवरा गेलेल्या बायका आणि निराधार मुले यांच्यापर्यंत योजना पोचवायला तालुका पातळीवर समित्या. चांगले निर्णय होते. पण करोनाने एकट्या पडलेल्या बायकांचा प्रश्न राज्यभर लावून धरणाऱ्यांत सर्वांत पुढे होते हेरंब कुलकर्णी. पुरुष, शिक्षक, कार्यकर्ते. त्यांनी गावोगावच्या त्या बायकांशी बोलून घेतले होते. माझा व्याख्यानातला सिद्धान्त इथे सरळ मोडतो.

मुंबईच्या महापौर किशोरी पेडणेकर एप्रिल २०२० मध्ये परिचारिकेचा पोशाख घालून नायर रुग्णालयात गेल्या तेव्हा त्याची खूप चर्चा झाली, थोडी टिंगलही झाली. राजकारणात येण्याआधी त्या खरोखरच परिचारिका होत्या, आणि तीही आमच्याच जिल्ह्यात, न्हावा-शेव्याच्या बंदराच्या रुग्णालयात. परिचारिकांच्या पाळ्यांची त्यांना काळजी होती ती बाई म्हणून की जुन्या नोकरीमुळे? मला वाटते, दुसरे जास्त. ज्याने पाळी केली आहे त्याला पाळी कळते.

आणि खुद्द आशाताई. सगळ्या बायका, तुटपुंज्या मोबदल्यावरच्या, सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दारोदार फिरलेल्या. त्यांच्या वाढीव मोबदल्याचा निर्णय झाला जून २०२१ मध्ये, १५ तारखेपासून त्यांनी राज्यभर संप केल्यावर. हजार रुपये वाढ आणि पाचशे करोना भत्ता. निर्णय जाहीर केला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी. म्हणजे त्यांना जे मिळाले ते कोण्या बाईने खुर्चीवरून दिले नाही. त्यांनी काम थांबवून घेतले. हे उत्तर मला त्या दिवशी चहाच्या वेळीच द्यायला हवे होते. त्यांना ते माहीतही असणार. मला माहीत आहे का, हे त्या बघत असाव्यात.

रायगडपुरते बोलायचे तर ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले आणि साथीची सगळी घडी विस्कटली. पत्रे उडाले, वीज गेली, श्रीवर्धन-मुरूडकडे तर आठवडेच्या आठवडे अंधार. त्यानंतर पालकमंत्री काय, जिल्हाधिकारी काय, सगळ्यांची विषयपत्रिका वाऱ्यानेच लिहिली. त्या वर्षीच्या जिल्ह्यावरून बाई-पुरुष असा फरक काढू पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२१ मध्ये. जिल्ह्याच्या आरोग्याच्या दृष्टीने त्या काळातली ही सर्वांत टिकाऊ गोष्ट. आदिती तटकरे आणि त्यांचे वडील, खासदार सुनील तटकरे, दोघेही त्यासाठी झटत होते. ते श्रेय बाईचे की बापलेकींचे, हे भांडण मी रोह्याच्या माणसांवर सोडते.

आता माझे मत. संकटात बाई आणि पुरुष यांचे काळीज वेगळे असते यावर माझा विश्वास उरलेला नाही. फरक पडतो तो यादी करताना कोणाला काय आठवते यात. आणि आठवते ते, जे तुमच्या दारात आलेले असते. बायकांच्या दारात काही गोष्टी जास्त येतात, म्हणून बायका असल्या की त्या यादीत येण्याचा संभव वाढतो. पण ज्या बाईच्या दारात त्या आल्या नाहीत तिला त्या आठवतीलच असे नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण ते माझ्या बाबतीत घडले आहे. २०२० च्या पावसाळ्यात सरकारने सार्वजनिक गणपतींची उंची चार फुटांवर आणि घरगुती मूर्तींची दोन फुटांवर आणली. पेण, हमरापूर, जोहे या गावांत तोवर मोठ्या मूर्ती तयार होऊन उभ्या होत्या. आमच्या गल्लीतल्या कारखानदारांनी मिळून एक निवेदन करायचे ठरवले. चर्चा आमच्या ओसरीवर झाली. बोलणारे सगळे पुरुष, पण मजकूर लिहायला मला बसवले, कारण माझे अक्षर चांगले आणि भाषा ‘सरकारी’. चार मागण्या होत्या. तयार मोठ्या मूर्तींना सवलत, कर्जाच्या हप्त्यांना मुदत, मालाच्या गाड्यांना परवाने, वीजबिलात सूट. मी एकही मागणी गाळली नाही, की वाढवली नाही. वाढवली असती तर कोणी अडवले नसते. मजकूर माझ्याच हातात होता.

आमच्याकडे हिरे चिकटवायला आणि रंगाचे हात द्यायला नगावर काम करणाऱ्या अकरा बायका येत. विक्रम रिक्षा बंद झाल्या आणि त्यांचे येणे थांबले. नगावरचे काम, त्यामुळे बसून पगार नाही. निवेदन लिहिताना त्या मला आठवल्या नाहीत. हा लेख लिहायला घेतल्यावर निवेदनाची प्रत शोधायला कपाट उघडले, तेव्हा तिच्याखाली त्या वर्षीची मजुरीची वही निघाली. एप्रिल ते जुलै, अकरा नावे, आणि प्रत्येक नावासमोरच्या चार रकान्यांत आडवी रेघ. रेघा पट्टी लावून मारलेल्या आहेत, माझ्याच.

आशाताईंना फोन करून हे सांगितले. त्या अकरांपैकी दोघी त्यांच्याच गावच्या निघाल्या. एकीने तेव्हा काम सोडले ते सोडलेच, आता ती पनवेलला कुठेशी घरकाम करते. दुसरी अजून आमच्याकडे येते आणि वहीत तिचे नाव पहिल्या पानावर आहे.